वासंतीचे एकतीस गुण

"मास्तरीनबाई, पोट्टीची पत्रिका करू नका. एकडाव तिले पाय फुटले का ते कोनाचं आयकत नाही," असं झुंबरबाई मला म्हणाल्या होत्या. वैशाखातली दुपार होती. अंगणातल्या सावलीत त्या चिंचा फोडत होत्या आणि मी बाळीला मांडीवर घेऊन माश्या वारत होते. मी नुसती हसले. इंटरला तर्कशास्त्र घेतलेल्या बाईनं हसावं तशी.

झुंबरबाई आमच्या घरमालकीण. अर्ध्या मेहकर तालुक्यातल्या सोयरिकी त्यांच्या ओसरीवर ठरल्या आहेत. म्हणजे कान सोनारानंच टोचला होता, पण माझं लक्ष माश्यांकडे होतं. बाळीला त्या दिवशी थोडी कसर होती आणि मला तिच्या कपाळाखेरीज जगात दुसरं काही दिसत नव्हतं.

पोट्टी म्हणजे वासंती. डोणगावच्या शेषरावांची मुलगी. थोडी कोरडवाहू जमीन, दोन बैल आणि ही एक शिकायचं वेड लागलेली लेक, एवढा शेषरावांचा संसार. इथल्या हायस्कुलातून ती मॅट्रिक झाली आणि तालुक्याच्या विद्यार्थी फंडानं तिची कॉलेजची फी भरायचं कबूल केलं. फंडातून अमरावतीला जाणारी ही पहिली मुलगी. आमचे हे त्याच हायस्कुलात मास्तर आणि फंडाचे चिटणीस, त्यामुळे उन्हाळाभर ती आमच्याकडेच राहिली. लांब ढांगा टाकत चालायची, कैरी मीठ लावून सालासकट खायची, आणि मी तिला एकदा म्हटलं की तूही माझ्यासारखी मास्तरीण होशील, तर म्हणाली, "मले मास्तरीन नाही व्हाचं, बाई. मास्तर व्हाचं हाय." मी मास्तरांची बायको आहे म्हणून मास्तरीण, हे तिनं इतक्या गोडीनं सांगितलं की मला राग यायला संध्याकाळ झाली. माझं कॉलेज इंटरला थांबलं ते लग्नामुळे. ती गोष्ट इथे नको.

आता पत्रिकेशी कॉलेजच्या फीचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. तो संबंध लावायला आमची कमिटी लागते.

त्याचं असं झालं. आदल्या वर्षी फंडाची तीन मुलं अमरावतीहून दिवाळीला घरी आली ती परत गेलीच नाहीत. फी भरलेली, खोली घेतलेली, आणि मुलं इथे गुरांमागे. कमिटी बसली. कुणी म्हणालं तिथलं पाणी जड, कुणी म्हणालं खाणावळीचं तूप खोटं. सुलतानपूरचा एक मुलगा माझ्यासमोर ह्यांना म्हणाला होता की पुण्याकडचे प्रोफेसर आहेत, मी तोंड उघडलं की वर्ग हसतो, मग मी तोंड उघडेना, आणि चार महिने माझ्याशी कुणी बोललंच नाही. ह्यांनी ते कमिटीला सांगितलं. कमिटीनं ते तुपाच्या खाली लिहून घेतलं.

मग अध्यक्ष वामनराव वकील नागपूरला गेले. आमच्या वऱ्हाडाची गाठ मध्यप्रांताशी बांधल्यापासून नवी कल्पना म्हणून जी काही असते ती नागपूरहूनच येते, संत्र्यांच्या करंडीसारखी, आणि इथे पोचेपर्यंत तळाची चार नासलेली असतात. ही मात्र मुळात चांगली होती. वरच्या वर्गातल्या मुलांनी खालच्या वर्गातल्यांना सांभाळायचं. कुठे वह्या मिळतात, कुठल्या प्रोफेसरांना घाबरायचं, कुठल्यांना नाही, घरची आठवण आली तर काय करायचं. अशा थोरल्या मुलाला वामनरावांनी नाव दिलं पाठीराखा, आणि पाठीराख्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षण द्यायचं ठरलं.

बालाजीच्या देवळाच्या सभामंडपात सतरंज्या पडल्या. मलाही बोलावणं होतं. वासंतीला मुलगा पाठीराखा देता येत नाही, हे उघड होतं, आणि गावात कॉलेजची पायरी चढलेली बाई मी एकटी. म्हणून मी पाठीराखीण. अमरावतीला मी असते तर गोष्ट वेगळी, मी मेहकरात बसून पाठ कशी राखणार, असं मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, तो तपशील पुढे बघू. वासंती आणि मी तट्ट्याच्या आडोशाला बसलो, बाळी आमच्या दोघींच्या मध्ये.

पहिले दोन दिवस वामनरावांनी शिकवलं. वकील माणूस. दुःखी मुलाशी कसं बोलावं हे त्यांनी उलटतपासणीवरून समजावलं. प्रश्न असा विचारायचा की उत्तर हो किंवा नाही एवढंच आलं पाहिजे. "तुला अडचण आहे, होय की नाही?" विचारायचं आणि थांबायचं. थोरल्या मुलांत निवृत्ती म्हणून बी.ए.च्या वर्गातला एक सरळ मुलगा होता. त्यानं विचारलं की धाकटा रडायला लागला तर? वामनराव म्हणाले, साक्षीदार रडला तरी प्रश्न बदलायचा नसतो.

धाकट्यांनाही धडा होताच. पहिला नियम, पाठीराख्याला विचारल्याशिवाय कुठलाच निर्णय घ्यायचा नाही. देणगीदार भेटतील, एखादे वेळी डेप्युटी कमिशनर साहेब विचारतील, तेव्हा मुलं भांबावू नयेत म्हणून एक उत्तर बसवून घेतलं. काही अडचण नाही, फंडाची कृपा आहे. रांगेत उभं करून म्हणून घेतलं, पाढ्यासारखं. वासंती आडोशाआडून म्हणायची. रात्रीच्या भाकरी थापताना ती वामनरावांची नक्कल करायची. काठवटीपुढे मान ताठ करून भाकरीला विचारायची, तुला अडचण आहे, होय की नाही? भाकरी टम्म फुगली की म्हणायची, फंडाची कृपा आहे. बाळी खदखदून हसायची. तिला तेव्हा ताप नव्हता, म्हणून मीही हसायची.

तिसऱ्या दिवशी जिनवाले हिंमतराव आले. फंडाचे सर्वांत मोठे देणगीदार. कपाशीच्या दिवसांत त्यांच्या जिनिंगपुढे गाड्यांची रांग वेशीपर्यंत लागते, आणि आमच्या कमिटीच्या बैठकीत त्यांच्या मतामागे बाकीच्या मतांची. ते म्हणाले, हे सारं आपल्याला ठाऊकच आहे. "नव्या गोऱ्ह्याले कोनी एकटा जुपत नाही. जुन्या बैलासंगं जुपते. पन जोडी पाहून जुपा लागते. एक लंबा, एक बुटका, तं जू वाकडंच चालन."

बोलणं चुकीचं नव्हतं. पण मग जोडी पाहायची कशी, हा प्रश्न निघाला. सभामंडपात बसलेल्या साऱ्या थोर लोकांनी जन्मात दोन माणसांची जोडी एकाच कामासाठी जमवलेली होती. सगळ्यांच्या माना आपोआप वैजनाथशास्त्र्यांकडे वळल्या. शास्त्रीबुवांनी पंचांग आणलेलंच होतं. ते नेहमीच आणतात.

पुढचे दोन दिवस मी जे पाहिलं ते कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. पत्रिका कुणाकडेच नव्हत्या. कुणब्याच्या घरात पत्रिका कोण करतो? मग नावरास. गुणमेलनात एक वर लागतो, एक वधू. आता दोन मुलांत वधू कोण? यावर चांगला खल झाला. शेवटी शास्त्रीबुवांनी निर्णय दिला की जो घेतो तो वधूपक्ष, म्हणून मदत घेणारा धाकटा तो वधू. धाकट्यांतला कडूबा, नुकती मिसरूड फुटलेला, निवृत्तीची वधू झाला. त्यांचं मार्जार-मूषक निघालं. एक मांजर, एक उंदीर. त्यावर शांत करायची ठरली. बाकीच्या जोड्या जमल्या, थोरल्यांनी धाकट्यांना नारळ आणि रुमाल दिला, शेवटी कुणीतरी सवयीनं अक्षता वाटल्या. इतकं सगळं साक्षगंधासारखं झालं की कडूबा लाजला.

अभ्यासाबद्दल, खोलीबद्दल, हसणाऱ्या वर्गाबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. वेळच नव्हता.

वासंतीच्या बाबतीत मात्र नावरास चालेना. मुलीचं प्रकरण, नीट पत्रिकाच करू, असं शास्त्रीबुवा म्हणाले. शेषरावांना डोणगावहून बोलावणं गेलं. जन्मवेळ विचारली तर ते टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, गुरं घरी आली तवाची. शास्त्रीबुवांनी गुरं घरी यायची वेळ धरून कुंडली मांडली. झुंबरबाईंनी चिंचा फोडता फोडता मला जे सांगितलं ते त्याच दुपारी.

मी वर झाले, वासंती वधू. गुण मोजले. नाडी एक आली. एकनाडी म्हणजे संततीला धोका, सबब हे जमत नाही, असं शास्त्रीबुवांनी जाहीर केलं. माझ्या मांडीवर बसून संतती त्यांच्या पंचांगाचा कोपरा चघळत होती. मी तेव्हाही हसले. मला वाटलं, बरं झालं, आता मला मेहकरात बसून पाठ राखायला नको, अमरावतीतच कुणी बाई बघतील. पण हिंमतराव म्हणाले की आमच्या घरच्या पुष्पाबाईंसंगं पाहून घेऊ, आणि पत्रिका कोटाच्या खिशात घालून गेले.

पत्रिकेला पाय फुटले ते इथे.

पुष्पाबाईंशी, म्हणजे हिंमतरावांच्या बायकोशी, जमलं की नाही ते अजून कुणाला माहीत नाही. पण त्यांच्या पेटीत त्यांच्या थोरल्याची, रंगरावची, पत्रिका होती. रंगराव जिनिंग सांभाळतो. माणूस वाईट नाही, बोलण्यात मऊ आहे. मॅट्रिकच्या वाटेला तो गेला आणि वाटेतूनच परत आला, एवढंच. वासंतीचे आणि त्याचे छत्तीसांपैकी एकतीस गुण जमले. एकतीस. शास्त्रीबुवा म्हणाले, असे गुण त्यांनी फक्त पोथीत पाहिले आहेत.

मध्यस्थ कोण म्हणून आलं, ओळखा. झुंबरबाई. त्याच अंगणात, त्याच चिंचांच्या टोपलीजवळ, पदर सावरून बसल्या आणि मला म्हणाल्या, "म्या तुम्हाले सांगतलंच होतं." मग आवाज खाली करून, "पन घर सोन्यासारखं हाय वो. पोट्टीचं नशीब फळफळलं."

मी विचारलं, आणि कॉलेज? त्या म्हणाल्या, "कालेज कायले पायजे आता? कालेज कशासाठी होतं?"

कमिटीत ह्यांनी कुरकुर केली, ती मी घरात भांडून करवली म्हणून. वामनरावांनी शांतपणे समजावलं. योजनेचा हेतू काय? एकही विद्यार्थी निराधार राहू नये. नवऱ्याइतका आधार दुसरा कोणता? शिवाय हा पाठीराखा कायमचा. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. त्यांना खरोखरच योजना यशस्वी झाल्यासारखी वाटत होती. हिंमतरावांना नाही म्हणणं म्हणजे फंडाचा कणा मोडणं, हे कुणी बोललं नाही, पण त्या खोलीत तेवढंच ऐकू येत होतं.

शेषरावांना मी अंगणात गाठलं. ते बैलाच्या गळ्यावरून हात फिरवत होते. "मी काय सांगू, बाई. एवढा मोठा मानूस दारी आला. नाही म्हनाले तोंड लागते, आन हो म्हनाले काळीज. माह्यापाशी दोनी नाही." पोरगी म्हणेल तसं, एवढं मात्र त्यांनी कबूल केलं. पोरीला मी विचारलं नाही. ती त्या संध्याकाळी कैरी खात नव्हती, तेवढ्यावरून मला कळलं.

समारोपाचा दिवस आला. मंडप भरलेला. हार झाले, हिंमतरावांचं भाषण झालं, त्यात पुन्हा बैल आले. मग वामनराव उभे राहिले आणि म्हणाले की या मंगल प्रसंगी आणखी एक आनंदाची गोष्ट आहे, पण आम्ही सुधारलेले लोक आहोत, मुलीच्या तोंडून ऐकल्याशिवाय पुढे जाणार नाही. त्यांनी आडोशाकडे तोंड केलं. प्रश्न त्यांच्या पद्धतीचाच होता. "वासंती, या स्थळाबद्दल तुला काही अडचण आहे? होय की नाही?"

सगळा मंडप त्या पढवलेल्या उत्तराची वाट पाहत होता. काही अडचण नाही, फंडाची कृपा आहे. तिनं ते रांगेत कितीदा म्हटलं होतं. मी बाळीला इतकी घट्ट धरली की ती रडायला लागली.

वासंती तट्टा बाजूला सारून उभी राहिली. आधी सगळ्यांना नमस्कार केला. मग म्हणाली, "पहिलाच नियम तुम्ही आम्हाले पाठ करून देल्ला. पाठीराख्याले इचारल्याशिवाय कोन्ताच निर्णय घ्याचा नाही. बरोबर हाय ना, काका?"

वामनराव म्हणाले, हो, बरोबर.

"मले पाठीराखा नेमलाच नाही. बाईसंगं जमलं नाही. नेमा, मंग मी त्याले इचारीन, आन सांगीन."

आणि खाली बसली.

एक कडूबा हसला आणि निवृत्तीनं त्याला कोपरानं ढोसलं. पाठीराख्याचं पहिलं खरं काम मी तेव्हा पाहिलं. वामनराव चष्मा पुसू लागले. वकिलाला बाकी काहीही करवेल, पण स्वतः घालून दिलेला नियम भर सभेत मोडवत नाही. त्यांनी घसा साफ केला आणि निकाल द्यावा तसं सांगितलं की नेमणूक प्रलंबित असल्यामुळे हा विषय दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तहकूब. हिंमतरावांचं तोंड उतरलं, पण तहकुबी हा शब्द त्यांनाही पुष्कळ कोर्टांतून ओळखीचा होता. त्यांनी मान हलवली.

रात्री वासंती भाकरी थापायला बसली. एकही भाकरी फुगली नाही. त्या दिवशी तिनं नक्कल केली नाही.

तर अशी वासंती अमरावतीला गेली. आषाढात शेषरावांनी तिला मोटारीत बसवून दिलं. फंडाच्या प्रत्येक मुलाला पाठीराखा आहे, नारळ-रुमालासकट, आणि जी एकटी पोर टिकून राहावी असं मला वाटतं तिलाच नाही. आणि गंमत पाहा, नेमताही येत नाही. नेमला की दुसऱ्या दिवशी हिंमतराव उत्तर मागायला येतील. म्हणून आमचे हे चिटणीस या नात्यानं ती जागा रिकामी ठेवण्यासाठी रक्त आटवतात. कधी शास्त्रीबुवा गावाला गेलेले असतात, कधी गुणमेलनाला मुहूर्त नसतो. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांना दिरंगाईचा उपयोग झाला. हिंमतराव काही झोपलेले नाहीत. पुष्पाबाईंनाच पाठीराखीण करा, असा ठराव त्यांनी पाठवलाय. म्हणजे सासूच पाठीराखीण. तिला विचारायचं, तिनं हो म्हणायचं.

मी स्वतः जाईन म्हटलं तर बाळीला दात येताहेत, पोट बिघडलंय. शिवाय मी जाऊन पाठ राखू लागले तर ती नेमणूकच झाली, असं वामनराव म्हणतील. ते म्हणतीलच, मी त्यांना ओळखते.

दसऱ्याला निवृत्ती आला. मी त्याला दारातच विचारलं. तो बिचारा प्रामाणिक. मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकाशी गेला होता, तिथल्या बाईंच्या परवानगीनं. शिकवल्याप्रमाणे विचारलं, अडचण आहे, होय की नाही. ती म्हणाली, नाही. बस? बस. मग कशी दिसली? तो विचारात पडला. हे त्याला शिकवलेलं नव्हतं. थोडी वाळली वाटते, म्हणाला. भादव्यात तिकडे हिवताप होता. आणि हसत होती का? ते काही त्याच्या ध्यानात नव्हतं.

तेव्हापासून मला चैन नाही. बाळीच्या कपाळावर हात ठेवते आणि दुसऱ्याच कपाळाचा विचार येतो. बाळीची पत्रिका, तेवढं सांगून ठेवते, मी करू दिलेली नाही. शास्त्रीबुवा दोनदा येऊन गेले. जन्मवेळ मला आठवत नाही, असं मी सांगते. गुरं घरी आली होती की नाही, तेही.

तुमच्यापैकी कुणी अमरावतीला असेल, किंवा दिवाळीआधी कामानं जाणार असेल, तर माझं एक काम करा. मुलींच्या वसतिगृहात जा आणि डोणगावच्या वासंतीला भेटा. फंडाकडून आलो म्हणू नका, माझ्याकडून तर मुळीच नको. कुणाच्या तरी आत्या, मावशी व्हा. अडचण आहे का असं विचारू नका. ती नाहीच म्हणेल, आम्ही तिला तेच शिकवलंय. सकाळी काय जेवलीस ते विचारा. वर्गात तोंड उघडतेस का, उघडल्यावर कोण हसतं, ते विचारा. भाकरी कोण थापतं, ती फुगते का. थोडी कैरी न्या. आता मिळायची नाही, तर चिंच न्या, मीठ लावून. तिनं खाल्ली की नाही तेवढं बघून मला कळवा.